एकाच गायीचे दोन रिपोर्ट, आणि लॅबची परीक्षा कोण घेतं

डॉक्टर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या दवाखान्याच्या हद्दीतली एक संकरित गाय, ताप, अंगभर गाठी. रक्त एका लॅबला पाठवलं, लम्पी निगेटिव्ह. आठ दिवसांनी त्याच गायीची खपली दुसऱ्या लॅबला पाठवली, पॉझिटिव्ह. लस गाठी दिसायच्या बारा दिवस आधी टोचलेली. मालक विचारतोय दोघांतला खोटा कोण, आणि तुम्ही विचारताय की लम्पी, रिफ्ट व्हॅली फिव्हर, वेस्ट नाइल, जेई (जपानी मेंदूज्वर) असले डासांशी संबंध असलेले रोग शोधणाऱ्या पशुवैद्यकीय लॅबना कोणी तपासतं का, आणि तपासलं तरी त्यातून नक्की काय कळतं.

गायीचं शेवटी बघू. एवढं आत्ताच सांगते की दोन्ही लॅब बरोबर असण्याची शक्यता चांगलीच आहे, तेव्हा मालकाला एवढ्यात कोणाला शिव्या घालू देऊ नका.

लॅबना तपासतात, हो. त्याला प्रोफिशियन्सी टेस्टिंग म्हणतात, काही जण रिंग ट्रायल म्हणतात, आम्ही आपसात नुसतं 'पॅनल आलंय' म्हणतो. एक संयोजक लॅब आठ-दहा कुप्या पाठवते, प्रत्येकीवर फक्त कोड, आत काय आहे ते संयोजकालाच माहीत, तुम्ही तुमच्या नेहमीच्या पद्धतीने टेस्ट करायची, ठरलेल्या तारखेच्या आत उत्तर कळवायचं, मग मार्क. ऐकायला शाळेच्या चाचणी परीक्षेसारखं वाटतं, पण पेपर काढणं हे पेपर सोडवण्यापेक्षा अवघड काम आहे, मी दोन्ही केलंय, आणि पेपर सोडवताना मला निदान रात्री झोप तरी लागायची.

पॅनल कसं बनतं ते सांगते कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. रिफ्ट व्हॅलीचं उदाहरण घेऊ. हा विषाणू माणसाला लागतो, गाभडलेल्या मेंढीला हात लावताना पशुवैद्यालाच लागतो, त्यामुळे जिवंत विषाणू कुपीत घालून कुरियरने पाठवणं शक्यच नाही. तो आधी बीएसएल-३ मध्ये, म्हणजे धोकादायक जंतूंसाठीच्या कडक बंदोबस्तातल्या लॅबमध्ये, वाढवायचा, निष्क्रिय करायचा, निष्क्रिय झालाय हे पेशींवर परत परत टाकून सिद्ध करायचं, मग निगेटिव्ह मेंढीच्या सीरममध्ये किंवा रक्तात मिसळून पातळ करत जायचं. एक कडक पॉझिटिव्ह, एक मध्यम, एक अगदी कमकुवत. दोन निगेटिव्ह. एक जवळच्या नातलग विषाणूचा, म्हणजे टेस्ट भलत्यालाच ओळखते का ते कळावं. आणि एक नमुना मुद्दाम दोन वेगळ्या कोडखाली, कारण एकाच माणसाने एकाच दिवशी एकाच नमुन्याला दोन उत्तरं दिली तर बाकीच्या बरोबर उत्तरांचंही काय घेऊन बसायचं!

मग या कुप्या फ्रीझ ड्राय करायच्या, म्हणजे आतला माल गोठवून सुकवायचा, आणि त्यातल्या दहा-एक कुप्या कुठूनही उचलून प्रत्येकी दोनदा तपासायच्या. पहिल्या कुपीत आणि शेवटच्या कुपीत माल सारखाच आहे ना हे बघायला, नाहीतर एखादी लॅब नापास व्हायची आणि चूक संयोजकाच्या ढवळण्याची असायची. शिवाय एक सेट चार डिग्रीला, एक खोलीच्या तापमानाला आणि एक सदतीस डिग्रीच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवून द्यायचा आणि ठरावीक दिवसांनी काढून बघायचा, कारण पार्सल मे महिन्यात कुठल्यातरी गोदामात पाच दिवस पडून राहणार हे गृहीतच धरायचं असतं. या सगळ्याला आयएसओ १७०४३ आणि १३५२८ अशी स्टँडर्डं आहेत, पण स्टँडर्ड वाचून हे काम येत नाही, इन्क्युबेटरमधली कुपी हातात घेतल्यावर येतं.

आता रिफ्ट व्हॅलीच का म्हणाल, आपल्याकडे कुठे त्याची साथ आलीय. उदाहरण म्हणून घेतलं कारण लॅबची परीक्षा का घ्यावी लागते हे या रोगाइतकं स्वच्छ दुसरा कुठलाच रोग सांगत नाही. केनियात नैवाशा सरोवराजवळ १९३० साली मेंढ्यांमध्ये हा विषाणू पहिल्यांदा सापडला. काही एडिस डासांची मादी विषाणू अंड्यातूनच पुढच्या पिढीला देते, ती अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात आणि मोठा पाऊस होऊन खोलगट जागा पाण्याने भरल्या की एकदम फुटतात, मग क्युलेक्स डास पुढचं काम उरकतात. पूर्व आफ्रिकेत १९९७-९८ ला आणि नंतर २००६-०७ ला असंच झालं, दोन्ही वेळा अतिपाऊस आणि मग मेंढ्या-शेळ्या धडाधड गाभडायला लागल्या, लहान कोकरं तर बहुतेक सगळी जातात. म्हणजे लॅबच्या बाजूने बघा, आठ-दहा वर्षं एकही नमुना नाही, किट फ्रीझरमध्ये एक्स्पायर झालेलं, ज्याने शिकून घेतलं होतं तो रिटायर झालेला किंवा बदली होऊन गेलेला, आणि एका सोमवारी दाराशी चारशे नमुने. जो रोग रोज दिसतो त्यात हात आपोआप बसतो. डासांचे रोग झोपून राहणारे आहेत, त्यामुळे लॅबही त्यांच्याबरोबर झोपते. पॅनलचा खरा उपयोग इथे आहे, मधल्या कोरड्या वर्षांत लॅबला हलवून जागं करायचं.

आणि चुकीची किंमत दोन्हीकडून मोजावी लागते. इजिप्तमध्ये १९७७ ला ही साथ आली तेव्हा माणसांतलेच अंदाजे दोन लाख लोक आजारी पडले. २००० साली सौदी आणि येमेनमध्ये आली, आफ्रिका खंडाबाहेर पहिल्यांदाच, आणि मग सौदीने सोमालियाची जनावरं घेणं बंद केलं ते २००९ पर्यंत. ज्या देशाचं पोटच शेळ्यामेंढ्या जहाजात भरून पाठवण्यावर चालतं तिथे एक खोटा पॉझिटिव्ह म्हणजे किती घरांच्या चुली थंड होतात याचा विचार करा, आणि एक खोटा निगेटिव्ह म्हणजे काय ते इजिप्तवाल्यांना विचारा.

तर भूमध्य समुद्र आणि काळ्या समुद्राभोवतीच्या १७ देशांतल्या १७ पशुवैद्यकीय लॅबची रिफ्ट व्हॅलीवर अशी परीक्षा ऑक्टोबर २०१६ ते मार्च २०१७ मध्ये झाली होती, मेडिलॅबसिक्युअर नावाच्या प्रकल्पातून, पेपर काढणारे स्पेनच्या इनिया-सिसा संस्थेतले. त्याआधी २०१५ आणि २०१६ ला दोन वर्कशॉप घेऊन सगळ्यांना शिकवलंही होतं. दोन पॅनल होती, एक पीसीआरचं, म्हणजे विषाणूचा जनुकीय माल शोधणारं, आणि एक अँटिबॉडीचं, म्हणजे विषाणूविरुद्ध अंगात तयार झालेली प्रथिनं शोधणारं. अँटिबॉडीच्या पॅनलमध्ये १७ पैकी १६ लॅबची सगळी उत्तरं बरोबर, म्हणजे ९४.१ टक्के. पीसीआरच्या पॅनलमध्ये सगळं बरोबर आणणाऱ्या १२, म्हणजे ७०.६ टक्के.

हे आकडे मला चांगले वाटतात, पण मी ते वाचताना एका गोष्टीवर थांबते. कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने), किट, सगळे रिएजंट संयोजकांनीच पुरवले होते. त्यांचा हेतू शिकवण्याचा होता, त्यात गैर काही नाही, पण वाचणाऱ्याने लक्षात ठेवायला हवं की ही परीक्षा हातांची झाली, लॅबच्या रोजच्या संसाराची नाही. रोजच्या संसारात किट टेंडरमध्ये अडकलेलं असतं, गेल्या वर्षीची कंपनी या वर्षी नसते, आणि एन्झाइम येताना बॉक्समधला बर्फ कधीच पाणी झालेला असतो. पेन, वही, पाटी सगळं देऊन घेतलेल्या परीक्षेतही पीसीआरमध्ये १७ पैकी पाच लॅब कुठे ना कुठे अडखळल्या, ते माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं.

आणि अँटिबॉडीत बरं, पीसीआरमध्ये कमी, हे मला कुठल्याही पॅनलमध्ये नवल वाटत नाही. एलायझाचं, म्हणजे अँटिबॉडी शोधणाऱ्या टेस्टचं, तयार किट येतं, प्लेट आधीच कोट केलेली, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कंट्रोल बॉक्समध्ये, कट-ऑफ कागदावर छापलेला. चुकायला जागा आहे, मल्टिचॅनल पिपेटची एक टीप सैल बसली की अख्खी ओळ फिकी येते, प्लेट उलटी धरली तर पहिला नमुना शेवटचा होतो आणि हे मी शिकलेल्या माणसाकडून झालेलं पाहिलंय, पण निदान चुकलं की डोळ्यांना दिसतं. पीसीआरमध्ये आधी आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय माल, काढायचा, त्यात चार वॉश, वॉशमधला अल्कोहोल नीट उडाला नाही की पुढची रिअॅक्शन गप्प बसते, आणि गप्प बसलेली रिअॅक्शन बाहेरून हुबेहूब निगेटिव्हसारखी दिसते. म्हणून प्रत्येक नमुन्यात इंटर्नल कंट्रोल लागतो, टेस्ट खरंच चालली हे दाखवणारा वेगळा सिग्नल. तो नसलेल्या लॅबचा निगेटिव्ह मी निगेटिव्ह धरत नाही, 'माहीत नाही' धरते.

पॅनलमध्ये लॅबा घसरतात त्या बहुतेक कमकुवत पॉझिटिव्हवर. सीटी व्हॅल्यू म्हणजे किती सायकलनंतर मशीनला सिग्नल दिसला तो आकडा, नमुना दहापट पातळ झाला की तो साधारण ३.३ ने वाढतो. कडक नमुना १८ ला येतो, तो कोणीही पकडतं, त्यात कौतुक नाही. ३६ ला येणारा नमुना पकडण्यात लॅबची जात कळते, कारण तिथे एक्स्ट्रॅक्शनमध्ये थोडा माल वाया गेला, किंवा शेवटी पन्नास मायक्रोलिटरऐवजी शंभरमध्ये काढला, की सिग्नल आणखी मागे पडतो, कधी दिसतच नाही, आणि रिपोर्ट निगेटिव्ह. शेतात हा प्रश्न थिअरीचा राहत नाही. रिफ्ट व्हॅलीत विषाणू रक्तात भरपूर असतो पण थोडेच दिवस, चौथ्या-पाचव्या दिवसापासून आयजीएम, म्हणजे सगळ्यात आधी येणारी अँटिबॉडी, यायला लागतं आणि विषाणू ओसरतो, म्हणजे डॉक्टर दोन दिवस उशिरा पोचला की हातातला नमुना कमकुवतच असणार. घोड्यातला वेस्ट नाइल तर त्याहून वाईट, घोड्याच्या रक्तात विषाणू इतका कमी आणि इतका थोडा वेळ असतो की लक्षणं दिसेपर्यंत पीसीआर बहुतेक निगेटिव्हच येणार, तिथे आयजीएम एलायझाच करावी लागते. तरी लोक घोड्याचं रक्त पीसीआरला पाठवतात आणि निगेटिव्ह आला की पेढे वाटतात.

आता माझ्याच लॅबची एक गोष्ट, नाव-गाव सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वीची. कॅप्रिपॉक्सचं, म्हणजे लम्पी आणि शेळ्यामेंढ्यांच्या देवीच्या विषाणूंच्या घराण्याचं, पॅनल आलं होतं, दहा कुप्या, मीच सही करून घेतल्या. सातव्या कुपीचा सीटी ३६.४ आला, आम्ही 'कमकुवत पॉझिटिव्ह' लिहून पाठवलं, जरा अभिमानानेच, बघा आम्ही बारीकही पकडतो. निकाल आला तेव्हा ती कुपी निगेटिव्ह होती. आठवडाभर शोधत होतो. आधी मशीनला दोष दिला, मग प्रायमरच्या नव्या बॅचला, मग संयोजकालाही देऊन बघितला, ते माणूस करतोच. शेवटी आमच्या ज्युनियरने नुसतं पाणी नमुना म्हणून चालवलं, अख्खी प्लेट पाण्याची, शहाण्णव खाने, आणि त्यातले तीन वर आले. पाणी पॉझिटिव्ह! झालं काय होतं, आमचा पॉझिटिव्ह कंट्रोल पंधराला येणारा होता, म्हणजे प्रचंड कडक, आणि तो ज्या हूडमध्ये (काचेच्या बंदिस्त कपाटात) मास्टर मिक्स, म्हणजे टेस्टचं तयार मिश्रण, बनायचं त्याच हूडमध्ये उघडला जायचा, जागा नव्हती म्हणून. ट्यूबचं झाकण टिचकन उघडताना उडणारा तुषार डोळ्यांना दिसत नाही पण पीसीआरला दिसतो.

दुसरं कारण तर कुप्या उघडण्यातच सापडलं. फ्रीझ ड्राय केलेल्या कुपीत निर्वात पोकळी असते, रबराचं बूच खेचून काढलं की हवा आत घुसते आणि पांढरी भुकटी धुरासारखी वर येते. सहाव्या कुपीची भुकटी सातवीच्या तोंडाशी. कुपी आधी टेबलावर हलकेच आपटून भुकटी खाली बसवायची, बूच कडेने जरासं उचलून हवा हळू आत घ्यायची, एक कुपी बंद झाल्याशिवाय दुसरी उघडायची नाही, ग्लोव्ह बदलायचे. त्या दिवसापासून आमच्याकडे कंट्रोल पातळ करून तिशीला आणला, त्याची खोली वेगळी केली, आणि दर प्लेटमध्ये चार पाणी. जो मार्क गेला तो गेला, पण पॅनल आलं नसतं तर त्या हूडमधून किती शेतकऱ्यांच्या गायींना आम्ही लम्पीसारख्या रोगाचा शिक्का मारला असता, आणि कदाचित मारलाही असेल, ते मोजायला आता काही साधन नाही.

अँटिबॉडीतलं एक वेगळं दुखणं सांगते, कारण जेई तुमच्या यादीत आहे. जेई, वेस्ट नाइल, डेंग्यू हे सगळे एकाच फ्लेविव्हायरस घराण्यातले, आणि एलायझाला भावाभावांतला फरक नीट कळत नाही. युरोपात वेस्ट नाइलच्या कॉम्पिटिशन एलायझामध्ये उसुतू नावाच्या चुलत भावाच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह येतात, आपल्याकडे डुकराच्या किंवा घोड्याच्या सीरममध्ये जेई आणि वेस्ट नाइलची तीच गल्लत. सोक्षमोक्ष लावायचा तर न्यूट्रलायझेशन टेस्ट, म्हणजे सीरम कुठल्या विषाणूला किती रोखतं ते बघणारी, दोन्ही विषाणूंविरुद्ध समांतर लावायची, एकाचा टायटर (किती पातळ केलं तरी रोखतं तो आकडा) दुसऱ्याच्या निदान चौपट असेल तर त्याचं नाव घ्यायचं, नाहीतर 'फ्लेविव्हायरस, कुठला ते सांगता येत नाही' असं प्रामाणिकपणे लिहायचं. ही टेस्ट जिवंत विषाणूवर चालते, त्यामुळे मोजक्याच ठिकाणी होते. चांगल्या पॅनलमध्ये असं एक भावकीतलं सीरम मुद्दाम घुसवलेलं असतं आणि जी लॅब ठोकून 'वेस्ट नाइल' लिहिते ती तिथे मार खाते. पीसीआरलाही याचा उलटा त्रास आहे, वेस्ट नाइलचा लिनिएज १ (विषाणूची एक शाखा) डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या काही जुन्या टेस्टना लिनिएज २ दिसायचाच नाही, आणि तो २००४ ला हंगेरीत सापडला, २०१० ला ग्रीसमध्ये साथ करून गेला. तेव्हा टेस्ट जुनी असेल तर हात कितीही चांगले असोत.

आता कॉपीबद्दल, कारण तुम्ही विचारलं नाही तरी मनात असणारच. पॅनल आलं की लॅबमध्ये पाहुणे आल्यासारखं होतं. सगळ्यात अनुभवी माणूस बेंचवर बसतो, जो एरवी मीटिंगमध्ये असतो, पिपेट नुकतेच कॅलिब्रेट होऊन आलेले, प्रत्येक कुपी तीन-तीनदा, आणि शेजारच्या राज्यातल्या मैत्रिणीला फोन, 'अगं तुझा चार नंबर काय आला?' म्हणून शहाणे संयोजक प्रत्येक लॅबला वेगळे कोड देतात, तिचा चार माझा नऊ असतो. पण तीनदा करणं कसं थांबवणार? त्यावर एकच उपाय खरा, आंधळा नमुना. शेतकऱ्याच्या नावाने, टॅग नंबर घालून, नेहमीच्या फॉर्मसह, नेहमीच्या गठ्ठ्यात पॅनलची कुपी सरकवायची, लॅबला न सांगता. मी माझ्याच लॅबमध्ये हे अधूनमधून करायचे, फक्त पाठवण्याच्या टेबलावरच्या एका माणसाला माहीत. पहिल्या वर्षी दोन गोष्टी कळल्या, टेस्ट बरोबर होती आणि रिपोर्टवर गायीचा नंबर चुकला होता. बारा आकडी टॅग हाताने उतरवताना आकडे इकडचे तिकडे. टेस्ट शंभर टक्के, रिपोर्ट शून्य.

मार्कांचं गणितही एकदा नीट बघा. दहापैकी दहा आले की लॅब भिंतीवर सर्टिफिकेट लावते, मीही लावलंय. पण दहात एकही चूक नाही याचा अर्थ चुकांचं खरं प्रमाण शून्य असा होत नाही. दर चार नमुन्यांत एक चुकवणारी लॅबसुद्धा नशिबाने शंभरातून पाच-सहा वेळा दहापैकी दहा आणू शकते, ०.७५ चा दहावा घात करून बघा. म्हणून मी एका पॅनलचे मार्क विचारत नाही, मागच्या पाच-सहा फेऱ्या एकाखाली एक ठेवून बघते, आणि चुकले तेव्हा पुढे काय केलं ते बघते. पाच वर्षांत एकदाही न चुकलेल्या लॅबपेक्षा दोनदा चुकून कारण शोधून कागदावर ठेवलेली लॅब मला जास्त जवळची वाटते, हा माझा पक्षपात समजा.

आणि लॅब चांगली असली तरी रोग दुर्मिळ असेल तर पॉझिटिव्ह फसवा असू शकतो. हजार जनावरं, त्यातली खरंच बाधित दहा, टेस्ट बाधितांपैकी ९५ टक्के पकडते आणि निरोग्यांपैकी ९८ टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह म्हणते. बाधितांतले नऊ-दहा सापडतील, पण ९९० निरोग्यांच्या दोन टक्के म्हणजे वीसही पॉझिटिव्ह येतील. तिसातले वीस खोटे! साथ भरात असताना हीच टेस्ट सोन्यासारखी चालते. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यात रावेरकडे लम्पी सुरू झाला तेव्हा अंगभर गाठी असलेल्या गायीच्या पॉझिटिव्हवर कोणी शंका घेत बसलं नाही आणि घ्यायचं कारणही नव्हतं. पण जिथे रोग नाहीच अशा ठिकाणचा पहिला पॉझिटिव्ह हा दुसऱ्या टेस्टने, शक्यतो दुसऱ्या लॅबमध्ये, पक्का केल्याशिवाय तोंडातून काढू नये.

पॅनलला अजिबात न दिसणारी एक गोष्ट म्हणजे नमुना लॅबच्या दारापर्यंत कसा आला. पॅनलची कुपी स्वच्छ, सीलबंद, बर्फात येते. तुमचा-आमचा नमुना थर्मोकोलच्या डब्यात, एसटीने, शुक्रवारी दुपारी निघतो आणि सोमवारी उघडतो. हेपरिनच्या हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतलं की हेपरिन पीसीआरला अडवतं, जांभळ्या झाकणाची ईडीटीएची घ्यावी लागते. सीरम वेगळं न करता रक्त फ्रीजरमध्ये टाकलं की लाल पाणी होतं. ओल्या ट्यूबवरचं बॉलपेन बर्फाच्या पाण्यात पुसलं जातं, मग तीन ट्यूब आणि चार नावं. चुकीच्या रिपोर्टांचा हिशेब मी कधी तपशिलाने मांडला नाही, पण इतकी वर्षं फोनवर भांडून झालेलं मत सांगते, बेंचवर होणाऱ्या चुकांपेक्षा बेंचच्या आधीच्या चुका जास्त, आणि त्यांचं पॅनल कोणी काढत नाही.

एनएबीएलचंही, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या आपल्याकडच्या मंडळाच्या शिक्क्याचंही, विचारलंत. आयएसओ १७०२५ चं अॅक्रेडिटेशन असेल तर चांगलंच, त्या लॅबला पॅनलमध्ये भाग घ्यावाच लागतो. पण अॅक्रेडिटेशन लॅबला सरसकट मिळत नाही, टेस्टनुसार मिळतं. ब्रुसेलाच्या एलायझासाठी मिळालेलं असेल आणि तुम्ही लम्पीचा पीसीआर करून घेत असाल तर त्या लोगोचा तुमच्या गायीशी संबंध नाही. स्कोपची, म्हणजे कुठल्या टेस्टना मान्यता आहे त्याची, यादी मागा, देतात.

आता तुमची गाय. लम्पीचा विषाणू डासात वाढत नाही, रिफ्ट व्हॅलीसारखा तिथे संसार थाटत नाही, डासाच्या आणि चावणाऱ्या माशीच्या सोंडेला चिकटून एका जनावरावरून दुसऱ्यावर जातो, आणि त्याचा खरा साठा कातडीत. रक्तात तो थोडे दिवस असतो, तेही येऊन-जाऊन, खपलीत मात्र महिनाभर आणि त्याहून जास्त टिकतो. म्हणजे रक्त निगेटिव्ह आणि खपली पॉझिटिव्ह हे अगदी पुस्तकातलं चित्र आहे, पहिल्या लॅबला दोष द्यायच्या आधी त्यांना रक्त कोणी पाठवलं हेही बघायला हवं, माफ करा.

तरी एक फट राहते, ती लसीची. लम्पीसाठी टोचली जाणारी गोटपॉक्सची, म्हणजे शेळ्यांच्या देवीची, लस जिवंत असते आणि लम्पीचा विषाणू त्याच कॅप्रिपॉक्स घराण्यातला, काही पीसीआर या दोघांना एकच समजतात. तेव्हा दुसऱ्या लॅबला फोन करून तीन गोष्टी विचारा, सीटी किती आला, टेस्ट सगळ्या कॅप्रिपॉक्सची होती की लम्पी आणि गोटपॉक्स वेगळे ओळखणारी, आणि निगेटिव्ह कंट्रोल साफ होता का. पहिल्या लॅबला एकच, इंटर्नल कंट्रोल वर आला होता का. सांगायला खळखळ केली तर लेखी मागा, तुमचा तो अधिकार आहे. खपली लस टोचलेल्या जागेपासून लांबची, पोटाकडची किंवा मागच्या पायाची होती आणि सीटी विशीत आला असेल तर माझ्या मते ही लस नाही, लम्पीच आहे. लस दिली तेव्हा विषाणू आधीच अंगात शिरलेला असणार किंवा लसीची ताकद यायच्या आत शिरला असणार, बारा दिवसांत दोन्ही बसतं. आणि सीटी ३६-३७ आला असेल तर गाठी अजून आहेत तोवर नवी खपली घ्या, दोन वेगळ्या जागांच्या, प्रत्येक जागेला नवं ब्लेड आणि नवे ग्लोव्ह, दोन वेगळ्या कोरड्या ट्यूबमध्ये, पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टेपखाली, बर्फावर, आणि सोमवारी सकाळी पाठवा, शुक्रवारी नको.